पापणीखालची नळी

चांद्याच्या जटपुरा दरवाज्याच्या कमानीत शिरताना केवळरामच्या उजव्या कानाशी कुणीतरी खोकलं आणि तो जागच्या जागी दचकला. मान पुरती वळवली तेव्हा कुठे त्याला मुखरू दिसला. जंगल खात्याच्या ऑफिसातला हा म्हातारा चपराशी, केवळरामचा टेबलावर विसरलेला डबा छातीशी धरून उभा होता. "तू कधी आलास?" केवळरामने विचारलं. मुखरू ओशाळला. "आपिसापासून तुमच्या बाजूनंच चालून राह्यलो ना, बाबू. म्हटलं, कोणत्या तरी इचारात हायेत, हाक कायले मारा. मंग वाटलं, माह्यावर रागावले का काय. इतका येळ बाजूनं माणूस चालते अन् तुम्ही पाहून बी नाई राह्यले." केवळरामने डबा घेतला, राग नाही म्हणाला, हसलाही. मुखरू परत फिरला. कमानीखालून सायकली जात होत्या, एक रेंगी, बैलांची हलकी गाडी, घुंगरं वाजवत आत आली, कुणीतरी "बाजूला व्हा ना भाऊ" म्हणालं, आणि केवळराम तिथेच दगडी भिंतीला हात लावून उभा राहिला.

डावा डोळा गेल्यात जमा आहे हे त्याला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी कंदिलाभोवती रंगीत कडी दिसू लागली, तेव्हा तो नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात गेला होता. काचबिंदू, असं तिथे सांगितलं. थेंब दिले, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी बोटांच्या टोकांना मुंग्या यायच्या, ट्रेसिंगच्या कापडावर नकाशाची रेघ ओढताना बोटं दुसऱ्याचीच वाटायची. मग डाव्या डोळ्याची दोन ऑपरेशनं झाली आणि दोन्ही फुकट गेली. तेव्हापासून त्याने कुणाला न सांगता सगळं जग आपल्या उजवीकडे सरकवून घेतलं होतं. ऑफिसातलं टेबल खिडकीच्या डाव्या अंगाला नेलं. खानावळीत भिंतीशी असा बसे की वाढणारा उजव्या हाताने येईल. रस्त्याने चालताना लोकांना नकळत त्या बाजूला घेई. या व्यवस्थेत कुणाचं काही अडलं नव्हतं आणि त्याचंही अडत नव्हतं. आणि आज मुखरू उजव्या बाजूनेच चालत होता.

खोलीवर आल्यावर त्याने कवाड लावलं. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहून डावा डोळा तळहाताने झाकला आणि उजव्या हातात आगकाडी धरून ती कानापासून हळूहळू पुढे आणू लागला. काडी दिसेना. गालाच्या रेषेत आली तरी दिसेना. मग एकदम, जणू कुणी भिंतीतून बाहेर काढावी तशी, नाकासमोर येण्याच्या थोडं आधी ती दिसली. त्याने पुन्हा करून पाहिलं. वरून, खालून. मधे एक स्वच्छ गोल होता, ताटाएवढा. त्यात भिंतीचा पोपडा दिसत होता, खिळा दिसत होता, खिळ्याची सावली दिसत होती. गोलाबाहेर काळोख नव्हता, आणि हेच त्याला सगळ्यात भयंकर वाटलं. काळोख असता तर कळलं असतं. गोलाबाहेर नुसतं काहीच नव्हतं, आणि त्या काही-नसण्यात मुखरू अर्धा मैल त्याच्यासोबत चालला होता. मागच्या महिन्यात साहेबांनी एक नकाशा परत पाठवला होता. कडेचा एक अख्खा तलाव उतरवायचा राहून गेला होता. ते केवळरामने थकव्यावर ढकललं होतं.

त्या संध्याकाळी त्याने कंदील लावला नाही. खाटेवर पडून राहिला आणि आई आठवू लागली. आठवू लागली म्हणणंही बरोबर नाही. ती तिथेच कुठेतरी बसलेली असावी आणि आता तिला उठून पुढे यायला कुणी हरकत घेतली नसावी, तसं झालं. सोनीबाई. ढिवराची बाई, कंबरभर पाण्यात उभी राहून तलावातली मासोळी धरणारी. मुलगा चांद्याला शिकतो म्हणून बाजारात दोन शब्द जास्त बोलणारी. सुट्टीत तो घरी जाई तेव्हा ती म्हणे, "अलीकडं अंधार लवकर पडून राह्यला, नाई?" तो हसे. भूगोलाचा अभ्यास केलेला मुलगा, तो तिला दिवस लहान-मोठे का होतात ते सांगे. ती मान हलवून ऐके. मग एकदा, मॅट्रिकच्या वर्षी, तिने त्याला भात वाढला तो निम्मा ताटाबाहेर, शेणाने सारवलेल्या भुईवर पडला. शेजारी त्याचा चांद्याचा मित्र जेवायला बसला होता. "दिसत नाई काय तुले?" तो ओरडला. ती खाली बसून बोटांनी चाचपत भुईवरचं एकेक शीत वेचत राहिली, सगळी शितं संपली तरी वेचत राहिली. आपल्याला दिसत नाही, हे तिने मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. पावलांच्या आवाजावरून माणसं ओळखायची आणि ओळखलं की आधी नाव घ्यायची, म्हणजे समोरच्याला वाटावं, हिला दिसतंच. तरी गावाला कळलंच. केवळरामची सोयरीक दोनदा जमत आली आणि दोनदा मोडली. मुलीकडचे स्पष्ट काही म्हणाले नाहीत. एक जण एवढंच म्हणाला, की बाबू, घराण्यात जे असते ते उतरते. तिसऱ्यांदा कुणी विचारलं नाही आणि त्यानेही कुणाला विचारायला सांगितलं नाही. आता चाळीस सरली होती.

नागपूरला डॉक्टर देवपुजारींनी त्याला निजवून, डोळा बधिर करून, बुबुळावर दाब मोजायचं ते लहानसं वजनाचं यंत्र ठेवलं, काटा पाहिला आणि दुसऱ्यांदा पाहिला. मग काळ्या पडद्यासमोर बसवून काठीच्या टोकावरचा पांढरा ठिपका फिरवला. केवळराम "दिसला" म्हणे तिथे टाचणी टोचली जाई. शेवटी त्याने टाचण्यांकडे पाहिलं. त्याने आयुष्यभर नकाशांवर जंगलाच्या सीमा आखल्या होत्या. ही सीमा त्याला वाचायला शिकवावी लागली नाही.

"डोळ्यात पाणी तयार होत असतं," डॉक्टर म्हणाले. ते पन्नाशीचे, सुकलेल्या चेहऱ्याचे, बोलताना स्वतःचीच बोटं चोळणारे गृहस्थ होते. "अश्रूंचं नव्हे, आतलं. ते झिरपून जायची एक वाट असते. तुमची बुजलीय. पाणी साचतं, दाब वाढतो, मागची नस मरत जाते. डाव्या डोळ्यात आम्ही दोनदा नवी वाट करून दिली. तुमच्या शरीराला ती जखम वाटली. त्याने ती भरून काढली."

"म्हणजे माझंच शरीर?"

"चांगल्या शरीराचं ते कामच आहे." डॉक्टर म्हणाले. "आता एक नवी गोष्ट करून पाहतोय. परदेशात काही जणांनी केलीय. प्लास्टिकची अगदी बारीक नळी. एक टोक डोळ्याच्या आत, दुसरं वरच्या पापणीखाली, पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्याच्या आड. जखम भरली तरी नळीतून पाण्याची वाट उघडी राहावी."

"राहावी?" केवळरामने विचारलं.

"हो, राहावी. राहीलच, असं मी म्हणणार नाही. मी तिघांना बसवली. एकाच्या डोळ्यात पू झाला, नळी काढली, डोळाही गेला. एकीच्या नळीचं बाहेरचं तोंड महिन्याभरात बुजलं. तिसरा आठ महिने ठीक आहे, भंडाऱ्याकडे शेती करतो. थेंब आणि गोळ्यांनी तुमचा उजवा आता आवरत नाही. डाव्यावर आधी नळी बसवून पाहिली तर बिघडलं तरी गमवायला फारसं नाही. पण तीन-चार महिने वाट पाहावी लागेल, आणि तेवढ्यात उजवा किती उरेल ते मला सांगता येत नाही. सरळ उजव्यावर केली, तर..." ते बोटं चोळू लागले. "गेलेली नजर कुठल्याच उपायाने परत येत नाही. आहे ती राखायची, एवढंच. घरच्यांशी बोला. घरात आणखी कुणाला आहे का हे?"

"नाही," केवळराम म्हणाला. इतक्या सहज म्हणाला, की दारापर्यंत गेल्यावर त्याला उमगलं, हे आपण बोललो नाही. आपल्या तोंडून आई बोलली. तो परत फिरला. "आईला होतं."

"भावंडं?"

"एक बहीण. मोठी."

"तिला घेऊन या. तिला काही होत नसलं तरी आणा. हा रोग असा दुखत नाही, म्हणूनच नेतो."

घरच्यांशी बोला, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि केवळरामला घर म्हणायला ही मोठी बहीण, देवकाबाई होती. वैनगंगेच्या पलीकडे, चामोर्शीच्या बाजूच्या गावात. मूल गावापर्यंत मोटार, पुढे रेंगी, मग डोंग्यातून नदी. अंगणात ती मासोळी वाळवत बसली होती. त्याला पाहून उठली, पाय धुवायला पाणी दिलं, आणि पाण्याचा तांब्या जिथे ठेवला होता तिथून हातभर दूर भुईवर तळहात फिरवत राहिली. तांब्या तिच्या गुडघ्याला लागून होता. केवळराम पाहत राहिला. त्याच्या ताटाएवढ्या गोलात तो हात होता, फक्त हात, भुईवरून फिरणारा. मग तो तांब्याला लागला आणि देवकाबाईने काहीच न झाल्यासारखा तांब्या उचलला.

त्याने तिला सगळं सांगितलं. नळीचं, तिघांचं, दोन डोळ्यांतल्या निवडीचं. ती ऐकत होती, पण तिचे कान अंगणाबाहेर होते. शेवटी तो म्हणाला, "बाई, डॉक्टर तुले बी घेऊन ये म्हणते. तुले बाजूचं दिसते काय बरोबर?"

"मले सारं दिसते," देवकाबाई ताडकन म्हणाली. "तुह्या डोळ्यातलं माह्या डोळ्यात नोको टाकू." मग आवाज उतरवला. "हळू बोल ना केवळ. कमळीचं जमून राह्यलं. मूलकडचं घर हाय, पोराचा बाप मनसाराम म्हणून हाय, चांगले लोक हायेत. वैशाखात लगीन. मी त्यायले सांगतलं, पोरीचा मामा चांद्याले मोठा बाबू हाय, नकाशे काढते. मायचं काई सांगतलं नाई. तू पट्टी बांधून आला तं ते इचारतीन, काऊन झालं, कोणाले होतं. एक गोष्ट निघाली का सारी निघन. तुह्यं दोनदा कायनं मोडलं, माहीत हाय ना तुले?"

"माहीत हाय."

"तं मंग." ती पदराशी चाळा करू लागली. "लगनाले तू येऊ नोको. सुट्टी नाई भेटली म्हणून सांगतो मी. लगीन होऊन गेल्यावर ये, आठ दिस राह्य."

"अन् पोरीच्या मागं मामा म्हणून कोण उभा राहीन?"

"चुलत मामा हाय," देवकाबाई म्हणाली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. किंवा पाहिलं असेल, त्याला सांगता आलं नसतं. तिचे डोळे त्याच्या खांद्याच्या थोडे बाहेर, कुणी नव्हतं तिथे लागले होते.

जाताना भाची कमळा त्याची पिशवी घेऊन घाटापर्यंत आली. अठराची पोर, उंच, आजीच्या चालीची. कवाडाआडून तिने ऐकलं असावं, कारण वाटभर ती मामाच्या पुढे एक पाऊल, मधोमध चालत राहिली, जिथे तो तिला पाहू शकेल. डोंग्यात बसताना तिने विचारलं, "मामा, दुखते काय?" तो म्हणाला, "नाई. दुखत असतं तं बरं झालं असतं."

उजव्याच डोळ्यात नळी बसवायची, हे त्याने नदीच्या मधोमध ठरवलं. त्यात धैर्य नव्हतं. ज्याच्याशी बोलून ठरवावं असं कुणी नव्हतं, आणि तीन-चार महिने रोज भिंतीसमोर आगकाडी धरून उभं राहणं त्याला एकट्याला झेपणार नव्हतं, एवढंच. दवाखान्यात कागदावर 'जवळचे नातेवाईक' अशी ओळ होती. तो बराच वेळ टाक धरून बसला आणि मग लिहिलं, मुखरू, जंगल खात्याचे ऑफिस, चांदा. पुढे हे ऐकल्यावर मुखरू खूप चिडला. "आपिसातून कोणी माह्या घरी तार नेऊन दिली असती तं, बाबू? माह्या बायकोले लिवलेलं समजत नाई, तार दिसली का छाती बडवून घेते. साऱ्या मोहल्ल्यात मीच मेलो असं झालं असतं." आणि मग चिडचिड संपल्यावर, जाता जाता म्हणाला, "पण लिवलं तं चांगलं केलं."

ऑपरेशनच्या वेळी तो जागा होता. डोळ्यामागे सुई गेली आणि डोळा जड, दुसऱ्या कुणाचा झाला. वर दिव्याचा पांढरा धूर. त्या धुरात सावल्यांचे हात. हत्यारं तबकात ठेवल्याचा आवाज. डॉक्टर स्वतःशीच पुटपुटत होते, "ये, ये, सरक," जसं एखाद्या हट्टी जनावराला म्हणावं, आणि केवळरामला कळेना, ते नळीला म्हणताहेत की त्याच्या डोळ्याला. मग दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या आल्या आणि दिवस संपले. मान हलवायची नाही, खोकायचं नाही, दोन्ही कानशिलांना वाळूच्या पिशव्या. किती दिवस ते तो जेवणावरून मोजू लागला, मग तेही चुकलं. सभोवार माणसं होती. खाटा कुरकुरत, कुणाची बायको कुणाला पेज भरवी, कुणाचा मुलगा बापावर करवादे, आणि या सगळ्या आवाजांना कडा नव्हत्या, ते त्याच्यावरून पाण्यासारखे जात. त्याच्या खाटेशी कुणी थांबत नसे. नर्स येई ती पावलांवरून त्याला ओळखू येऊ लागली आणि एका सकाळी, ती बोलायच्या आत, त्याने तिला नाव घेऊन हाक मारली. नर्स खूश झाली. "अरे वा, दिसायला लागलं वाटतं!" ती म्हणाली. केवळराम पट्टीखाली, इतक्या वर्षांनी, आईसाठी रडला. डोळ्याला रडणं चांगलं नाही म्हणून डॉक्टर ओरडले.

पट्टी निघाली तेव्हा आधी सगळं दुधात बुडवल्यासारखं होतं. दोन आठवडे तसंच. डॉक्टर रोज येत, पापणी उचलत, काटा पाहत, आणि एक दिवस त्यांनी काटा पाहून आपली बोटं चोळायची थांबवली. "उतरलाय," म्हणाले. "पाणी वाहतंय. आज वाहतंय. उद्याचं उद्या." दूध हळूहळू निवळलं आणि आत तोच गोल निघाला. ताटाएवढा. मोठा नाही, लहानही नाही. वरच्या पापणीखाली एक मऊ फुगवटा आला होता, डोळा मिटला की बुबुळावर खड्यासारखा टोचे. पांढरा भाग लालभडक. काळा चष्मा लावून केवळराम चांद्याला परतला. साहेबांनी दया करून त्याला नकाशांवरून काढलं आणि जुन्या कागदांच्या खोलीत बसवलं. तिथे त्याने आखलेले नकाशे गुंडाळ्या करून ठेवलेले होते. तो ते उघडत नसे.

लग्नाचा दिवस त्याने ऑफिसात काढला. दुसऱ्या दिवशी मात्र सकाळीच उठून मोटारीत बसला. आपण पलीकडे जाणार नाही, अलीकडच्या काठावरून नुसतं बघू, असं त्याने स्वतःला बजावलं होतं. पाठवणी याच घाटाने होणार, हे त्याला माहीत होतं. वैशाखाची उन्हं, नदी आटून मधल्या खोल धारेपुरती उरलेली, वाळू तापून पांढरी. काठावरच्या जांभळीखाली मूलच्या रेंग्या सोडून ठेवल्या होत्या, बैल रवंथ करत होते. त्याच सावलीच्या कडेला तो बसला. पलीकडून वाजंत्री ऐकू येई, वाऱ्याबरोबर जवळ येई, लांब जाई. त्या काठावर लाल-पिवळा घोळका होता. त्यात देवकाबाई कुठली, हे शोधायला त्याने मान या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. एकावेळी तीन-चार माणसंच दिसत, त्यांतली ती एकही नव्हती. मग डोंगे सुटले.

पहिल्या डोंग्यातून वऱ्हाड उतरलं, दुसऱ्यातून नवरानवरी. कमळाने वाळूवर पाय ठेवला, वर पाहिलं आणि ती थबकली. केवळराम उठून उभा राहिला, निघून जायला. पण डावीकडून एक जाडजूड माणूस पुढे आला होता तो त्याला दिसला नाही आणि दोघांची टक्कर झाली. चष्मा वाळूत पडला. "सांभाळून ना, भाऊ," माणूस म्हणाला, वाकून चष्मा उचलला, आणि त्याचं लक्ष केवळरामच्या डोळ्याकडे गेलं. तो लाल डोळा, तो फुगवटा. हाच नवऱ्याचा बाप मनसाराम, हे त्याच्या फेट्यावरून कळत होतं. "डोळे आले काय, भाऊ?"

केवळरामने त्याच्यामागे पाहिलं. गोलाच्या बरोब्बर मधे कमळाचा चेहरा होता, हळदीने पिवळा, डोळे विस्फारलेले.

"हो," तो म्हणाला. "डोळे आले."

"कुठचे तुम्ही?"

"जंगल खात्यातला. वाटसरू हाय." त्याने चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवला.

"दूर राहा, सूनबाई," मनसाराम मागे वळून म्हणाला. "डोळे आल्याची साथ लई वाईट. पाहलं का लागते म्हणतात." बायका पदर सावरत बाजूला सरल्या. कमळा सरली नाही. ती चालत आली, सगळ्यांच्या देखत, शालूचा काठ वाळूत ओढत, आणि वाकून तिने वाटसरूच्या दोन्ही पायांवर डोकं ठेवलं. कुणीतरी "अवं, अवं" म्हणालं. मनसाराम नुसता पाहत राहिला. उठताना तिचं तोंड त्याच्या कानाशी आलं. "मायले न्या, मामा," ती घाईने म्हणाली. "काल अक्षता टाकाले तिले मीच दिसली नाई. चुलीतबी हात घालते ते. ते नाई म्हणन. तरी न्या." मग ती ताठ झाली आणि सासऱ्याला स्वच्छ आवाजात म्हणाली, "माहे मामा होत. सख्खे मामा. त्यायच्या डोळ्याचं आपरेशन झालं, म्हणून नाई आले."

बैलाने मान हलवली, घुंगरू वाजलं. मनसारामच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते केवळरामला नीट पाहता आलं नाही. चष्मा काळा होता आणि ऊन डोळ्यांत जात होतं. मनसारामने घसा साफ केला. "चला," तो आपल्या माणसांना म्हणाला. "ऊन चढून राह्यलं." तो रागावला होता, की नुसता दमला होता, की घरी गेल्यावर बोलणार होता, हे त्या एका शब्दात नव्हतं. रेंग्या जुंपल्या गेल्या. कमळा चढून बसली आणि तिने मागे पाहिलं. केवळराम मान वळवत वळवत तिला गोलात धरून राहिला, चढापर्यंत, वळणापर्यंत. मग धूळ राहिली आणि धूळही खाली बसली.

रिकामा डोंगा वाळूला लावून झिंगू नावाडी बिडी ओढत होता. "पल्याड जाता काय, बाबू?"

केवळराम चप्पल हातात घेऊन पाण्यात शिरला. डोंग्याची कड त्याने हाताने चाचपली, मग पाय टाकून बसला. झिंगूने बांबू रोवला. पापणीखाली तो मऊ खडा टोचत होता, डोळ्यातून पाणी येत होतं, यातलं आतलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं कुणास ठाऊक. पलीकडचा काठ आता रिकामा झाला होता. एकच बाई अजून उभी होती, हात कपाळाशी धरून, भलतीकडेच पाहत.

"कोणाकडं जायचं?" झिंगूने विचारलं.

"बहिणीकडं," केवळराम म्हणाला. "ते काय, थेच उभी हाय. हाक मार तिले. म्हण, केवळ आला."